काकांच्या डेऱ्यात

आधी ऊस काढून टाका. भीमेच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवरचा सगळा. मग नदीवरच्या मोटारी, पाइपलाइनी, बिबट्याच्या धास्तीनं वस्त्यांवर रात्रभर जळणारे दिवे, साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या, हेही उचला. नदी राहू द्या. वर रांजणगाव सांडसाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि दोन्हींचं पाणी एक होऊन वडगाव रासाईवरून पुढे जातं, ते तेव्हाही तसंच जात होतं. शके १६८४. दिवाळी होऊन तीन आठवडे झालेत, कार्तिकाचा अंधारपंधरवडा चालू आहे. इंग्रजी हिशेबानं नोव्हेंबर १७६२ चा पहिला आठवडा. तुमच्या अंगावर घोंगडी आहे, डोक्याला मुंडासं, आणि तुम्ही काठावरून गावाकडे चढता आहात.

तुम्ही कोण, असं कुणी विचारत नाही. पानपत होऊन दोन वर्षं होत आली तरी वाटेनं अनोळखी माणसं येतच असतात. कुणाचा हात नाही, कुणाचं घोडं नाही, कुणी नुसताच गप्प. त्यांतलेच तुम्ही एक.

वेशीत शिरता तर गाव मळणी आटोपल्यावर असतं तसं निवांत नाही. बाजरीचं खळं अर्धवट टाकलेलं आहे, तिवड्याभोवती बैल नाहीत. सगळी धांदल पांढरीत चालली आहे. एका घराच्या परसात पेव भरून झालंय, त्याच्या तोंडावर दगड, दगडावर माती आणि मातीवर शेण लिंपताहेत. लिंपून झालं की एक बाई तिथंच खुंटी ठोकते, म्हैस बांधते आणि वैरणीची पेंढी सोडते. संध्याकाळपर्यंत म्हैस त्या जागेचा पार चिखल करून टाकील. मग खाली चार महिन्यांचं धान्य आहे हे शोधायला येणाऱ्याला कळायचं नाही.

“कोण येतंय?” तुम्ही विचारता.

“आपलंच लोक,” ती म्हणते. “दोन्ही बाजूंचं आपलंच.”

लष्कर आलं की लष्कराची कही येते. कही म्हणजे वैरण-दाणा गोळा करायला सुटलेली घोडेस्वारांची टोळी. तिला शेतातला गुडघाभर वाढलेला शाळू पुरतो, कडब्याच्या गंजी पुरतात, नाही पुरलं तर घराची आढी उपसून जाळायलाही चालतात. गंमत अशी, की या स्वारांच्या मांडीखालची निम्मी तट्टं याच खोऱ्यात वाढलेली. भीमथडीची घोडी साऱ्या मराठी दौलतीत नावाजलेली: अंगानं लहान, काटक, मिळेल त्यावर जगणारी. ज्या रानात ती शिंगरं म्हणून बागडली ते रान खायला आता ती परत येणार आहेत.

पाटलांच्या वाड्यात तुम्हाला भाकरी मिळते. वाडा म्हणजे दोन चौकांचं मातीचं घर. ओसरीवर एक म्हातारी बसली आहे, शेजारी तिचा नातू. सोळा-सतराचा, मिसरूड फुटलेला. आतल्या चौकात तिचा धाकटा मुलगा माणसांना कामं सांगतोय. थोरला पानपतावर गेला तो आला नाही.

“आला न्हाई,” म्हातारी म्हणते. “पर ग्येला असंबी कुणी डोळ्यांनी बघितलं न्हाई. सुनंनं कुकू पुसावं का ठेवावं?”

त्या कुंकवावर पाटीलकी अडून बसली आहे. थोरला गेला असेल तर वडीलपण त्याच्या मुलाचं: कागदावर नांगराची निशाणी त्यानं करायची, पोळ्याला पहिला बैल त्याचा, होळीला पहिली पोळी त्याची, पाहुण्यांसमोर पहिला विडा त्याला. थोरला जिवंत असेल तर तो येईपर्यंत कारभार धाकट्याकडे. आणि धाकटा म्हणतो, दोन वर्षं वसूल मी भरला, मामलेदाराच्या शिव्या मी खाल्ल्या, आता विडा ह्या पोराला? तंटा गोतसभेपुढे गेलाय. शेजारच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसून महजर, म्हणजे लेखी निवाडा, करणार होते. ते बसायच्या आत लष्कर आलं.

पानपतानं माणसं नेली हे सगळे सांगतात. पण त्यानं घराघरातला क्रम मोडला. कोण गेल्यावर कोण, हे जे न बोलता ठरलेलं असे, ते मधली माणसंच गेल्यावर उघडं पडलं. पुण्याला शनिवारवाड्यात नेमकं हेच घडलं. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि घराचा सारा कारभार पाहणारे सदाशिवरावभाऊ एकाच दिवशी गेले. पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ ला, नानासाहेब पर्वतीवर वारले. उरले नानासाहेबांचे धाकटे भाऊ रघुनाथराव आणि दुसरा मुलगा माधवराव. जुलैत साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं माधवरावांना मिळाली. वस्त्रं पुतण्याकडे, कारभार काकाकडे.

आपल्या डोळ्यांपुढे काका म्हटलं की पिकल्या मिशांचा माणूस येतो. दादासाहेब, म्हणजे रघुनाथराव, अठ्ठावीस वर्षांचे आहेत. पुतण्या सतराचा. दोघांत उणीपुरी अकरा वर्षं. काकानं चार वर्षांपूर्वी अटकेपर्यंत घोडी नेली. पुतण्यानं अजून एकही मोठी लढाई जिंकलेली नाही. तुमच्या वाड्यातल्या धाकट्याचं म्हणणं ऐकून झालं असेल तर दादांचं निराळं ऐकायची गरज नाही.

रात्री कुलकर्णी येतो. दप्तर त्यानं मडक्यात घालून पुरलंय, त्यामुळे हात रिकामे आणि जीभ मोकळी. तो सांगतो ते थोडक्यात असं. गेल्या थंडीत निजाम पार उरळीपर्यंत चालून आला, तेव्हा दादांनी त्याला दाबात धरला आणि मग मुलूख देऊन सोडला. का सोडला? कुलकर्णी डोळा बारीक करतो. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. मग रावसाहेब, म्हणजे माधवराव, कारभारात लक्ष घालू लागले. त्यांना त्रिंबकमामा पेठ्यांचा आधार, मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांचा आधार, आणि मागे मातुःश्री गोपिकाबाई. दादांच्या बाजूला सखारामबापू बोकील. ऑगस्टात दादा रागावून पुण्यातून निघाले, फौज जमवायला लागले. निजामाचा औरंगाबादेचा सुभेदार मुरादखान त्यांना येऊन मिळाला.

“म्हणजे गेल्या साली ज्यानं गावं जाळली,” नातू मधेच बोलतो, “तोच आता दादांबरोबर?”

कुणी उत्तर देत नाही. धाकटा मुलगा आतल्या चौकातून हाक मारतो आणि पोरगा उठतो.

तुम्ही जरा नदीकडे जाऊन या. हीच भीमा वर खेडावरून येते. तिथं १७०७ च्या ऑक्टोबरात मोगलांच्या कैदेतून सुटलेला शाहू आणि त्याची काकू ताराबाई यांची फौज एकमेकांसमोर उभी राहिली होती. धनाजी जाधवानं ऐनवेळी पुतण्याची बाजू घेतली आणि निकाल लागला. धनाजीला वळवण्यात बाळाजी विश्वनाथ नावाच्या कोकणातून आलेल्या कारकुनाचा हात होता असं सांगतात. तो पुढे पेशवा झाला. त्याचेच हे पणतू आणि नातू. भोसल्यांच्या घरातल्या भांडणातून भटांचं घर वर आलं आणि पंचावन्न वर्षांनी त्याच नदीवर भटांच्या घराचं भांडण आलं. या घराला चांगला दाखला नव्हता असं नाही. १७४० मध्ये थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले तेव्हा त्यांचा भाऊ चिमाजीअप्पा वसईचा विजेता होता, नाव होतं, फौज होती. तो एकोणीस वर्षांच्या पुतण्याच्या, नानासाहेबांच्या, पाठीशी उभा राहिला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस अप्पाही गेले. फार वर्षं पुतण्याच्या हाताखाली काढावी लागली असती तर काय झालं असतं, हे पाहायची वेळच आली नाही. माझं मत विचाराल तर दादांना चिमाजीअप्पांपेक्षा वाईट ठरवताना एवढं ध्यानात ठेवावं.

७ नोव्हेंबर. सकाळपासून उत्तरेकडे धूळ आहे. दुपारी वाऱ्याबरोबर आवाज येतो. ढग नाहीत, तेव्हा गडगडाट नाही. घोडनदीवर काका-पुतण्यांच्या फौजा भिडल्यात. गावात कुणी कामाला हात लावत नाही. तुम्ही कान देऊन ऐकता आणि तुमच्या लक्षात येतं की इथं ऐकणारा कुणीच “कोण जिंकतंय” असं विचारत नाही. विचारतात ते एवढंच: आवाज जवळ येतोय का लांब जातोय?

जवळ येतो. माधवरावांची फौज कमी पडली आहे, ती भीमेकडे मागे सरकतेय.

दुसऱ्या दिवशी कही येते. कुणाची ते विचारू नका. त्यांनाही धड सांगता आलं नसतं. चाळीसेक घोडी शाळवात शिरतात. आधी पाती ओरबाडतात, मग ताटं मोडतात, मग ओल्या मातीसकट उपटतात. कणसं यायला अजून दीड महिना होता. एक शिलेदार ओसरीवर येऊन ताक मागतो. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. म्हातारी तांब्या पुढे करते आणि विचारते, पानपतावर होतास? होतो म्हणतो. मग ती मुलाचं नाव सांगते, कुठल्या पथकात होता ते सांगते, कानात बाळी होती म्हणून सांगते. शिलेदार ताक पिऊन होईपर्यंत ऐकून घेतो. “आईसाहेब, तिथं सगळ्यांच्याच कानात बाळ्या होत्या,” असं म्हणून तांब्या पालथा ठेवतो. जाताना परसातल्या म्हशीकडे बघतो, तिच्या पायाखालच्या चिखलाकडे बघतो. समजतं त्याला. शेतकऱ्याचाच पोर आहे. काही न बोलता घोड्यावर बसतो.

कडबा मात्र सोडत नाहीत. तो गाड्यांत भरून लष्करात पोचवायचा आहे, गाड्या गावाच्या, बैल गावाचे, वेठ गावाची. पाटलाचा नातू एका गाडीवर बसतो आणि तुम्ही त्याच्या शेजारी. चंद्र उशिरा, मध्यरात्रीनंतर उगवतो. तोवर बैलांना वाट ठाऊक असेल तशी गाडी चालते. तुम्हाला पोचायचंय माधवरावांच्या आळेगावच्या लष्करात.

लष्कर म्हणजे चालतं गाव. लढणाऱ्यापेक्षा न लढणारे जास्त: बुणगे, वाणी, नालबंद, पाणके, मशालजी, सांडणीस्वार. एका बाजूला हुजुरातीच्या राहुट्या, दुसऱ्या बाजूला बाजार. तुम्ही आणलेला कडबा तिथं तुमच्याच डोळ्यांदेखत विकला जातो. बोलण्याचं ऐकू येतं. तह झाला म्हणे. दादा म्हणाले फौज मागे घ्या, रावसाहेबांनी घेतली. माणसं सैल झालीत, खोगिरं उतरलीत, कुणी नदीवर धुणं काढलंय. आणि मग १२ नोव्हेंबरला दादांची फौज त्या सैल पडलेल्या गोटावर येते.

त्या धांदलीचं वर्णन तुम्ही करू शकणार नाही, कारण तुम्ही गाडीखाली आहात. पोरगा तुमच्याजवळ, दोघांचं तोंड मातीत. बैलांचे पाय, घोड्यांचे पाय, एक सुटलेली सांडणी, राहुट्यांच्या तुटलेल्या दोऱ्या. बाहेर आलात तेव्हा लढाई संपली आहे.

इथून पुढचं नीट बघा, यासाठीच तर आलात. हरलेल्या पेशव्याला वाटा होत्या. मिरज होती, पटवर्धन त्याच्यासाठी किल्ला लढवणार होते. निघून जायचं, नवी फौज उभारायची, काकाशी वर्षानुवर्षं लढायचं. दौलत दोन जागी फाटली असती आणि निजाम बघत बसला असता. सतरा वर्षांचा मुलगा यांतलं काही करत नाही. तो उठतो आणि काकाच्या गोटात जाऊन स्वतःला त्याच्या हवाली करतो.

तुम्हाला डेऱ्याच्या आतलं दिसत नाही. वैरणीच्या गाडीवानाला कोण आत सोडणार? चौकीपहारे, माणसांची ये-जा, एकाएकी खाली आलेले आवाज, एवढंच दिसतं. तिथं काय बोलणं झालं हे सांगणारे पुढे पुष्कळ निघाले, आणि प्रत्येकानं आपल्या मनातलं घातलं. मला त्या बोलण्यापेक्षा ते पाऊल महत्त्वाचं वाटतं.

ते का, हे कळायला जरा लांब जाऊ. अरबस्तानच्या वाळवंटात, बेदुईन टोळ्यांमध्ये, शेखाची गादी थोरल्या मुलाकडेच जाते असं नाही. घरातल्या ज्या पुरुषामागे माणसं उभी राहतात त्याच्याकडे जाते, मग तो भाऊ असो, काका असो. त्यामुळे काका-पुतण्याचं वैर तिथं नेहमीचं. एकोणिसाव्या शतकात हाइलच्या रशीद घराण्यात पुतण्यांनी मुतइब या काकाला मारलं, मग दुसऱ्या काकानं, मुहम्मद बिन रशीदनं, बंदर या पुतण्याला मारून गादी घेतली आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत टिकवली. पण त्याच वाळवंटात एक रिवाज आहे. जिवाला धोका असलेला माणूस तंबूत शिरला, तंबूचा खांब त्यानं धरला, की तो त्या घराच्या आसऱ्याला आला. मग तो वैरी असला तरी त्याच्या केसाला धक्का लावणं म्हणजे स्वतःच्या घराची अब्रू घालवणं.

आळेगावला लिहिलेला रिवाज नव्हता. पण पायावर डोकं ठेवायला आलेल्या थोरल्या भावाच्या मुलाचं काय करायचं, हे दादांना कुणी सांगायला नको होतं. पुतण्याला मारणं आता अशक्य होतं. पदावरून काढणं जवळपास अशक्य होतं, कारण वस्त्रं साताऱ्याची. नजरकैदेत ठेवणं एवढंच हाती उरलं. लोक याला माधवरावांचा त्याग म्हणतात. असेलही. मला ती त्या आठवड्यातली सगळ्यात हुशार चाल वाटते. रणात हरलेला मुलगा घरात जिंकण्यासाठी शत्रूच्या डेऱ्यात गेला, आणि काकाचं काकापण त्यानं ढालीसारखं पुढे केलं.

पुढचं वर्ष झरझर जातं. कारभार दादांचा आणि सखारामबापूंचा. मदतीची परतफेड म्हणून पेडगावच्या मुक्कामी, याच भीमेवर, निजामाला दौलताबाद आणि मोठा मुलूख कबूल होतो. दादा मिरज पटवर्धनांकडून घेतात. चिडलेले गोपाळराव निजामाला मिळतात. निजामही कबुलीवर समाधान न मानता उलटतो. आणि १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला गोदेकाठी अडचणीत आलेल्या काकाच्या मदतीला पुतण्याच धावतो, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला जातो. त्या दिवसापासून पेशवा कोण हे फौजेला विचारावं लागलं नाही. काकाला मात्र पटायला आणखी पाच वर्षं गेली. १० जून १७६८ ला धोडपला हरल्यावर दादा शनिवारवाड्यात कैदी म्हणून आले.

तुम्ही पोराला घेऊन वडगावला परत या. एक बैल लंगडतोय. शाळवाच्या रानात ढेकळं आणि लीद. गोतसभा माघात बसते, नदीकाठी, झाडाखाली. दोन दिवस बोलणी चालतात. बाप जिवंत की मेला यावर निकाल द्यायला कुणी तयार नाही. शेवटी त्यांनी तो प्रश्नच बाजूला ठेवला. नांगराची निशाणी नातवाची. वसुलाचं काम आणि त्याचा हक्क चुलत्याचा. पोळ्याचा मान एक साल याचा, एक साल त्याचा. विडा दोघांना एकाच तबकात. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि सून कुंकू लावत राहिली. गावकीचं शहाणपण असं असतं: मान चिरून वाटता येतो, म्हणून ती चिरते. पेशवाईचा मान एक साल आड वाटता आला नसता. दादांनी पुढे दौलतीचा अर्धा वाटा मागून पाहिलाच.

जायच्या आधी दहा वर्षं पुढे जा, नदीवरच राहा. १८ नोव्हेंबर १७७२. वर मुळा-मुठेवर थेऊरला, गणपतीच्या आवारात, माधवराव क्षयानं वारले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. थेऊरावरून आलेलं पाणी सांडसाच्या संगमातून तुमच्यासमोर येतं. जाण्याआधी माधवरावांनी धाकट्या भावाला, नारायणरावाला, याच काकाच्या हवाली केलं होतं. थोरल्या भावाला आळेगावला जे वाचवून गेलं, त्यावर धाकट्याचाही विश्वास बसला असावा. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी शिपाई शनिवारवाड्यात घुसले तेव्हा अठरा वर्षांचा नारायणराव धावत काकाच्या दालनात गेला आणि त्याला मिठी मारून राहिला. सुमेरसिंग गारद्यानं त्याला तिथंच तोडलं.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दादांना दोषी ठरवलं. तोवर पेशवाईची वस्त्रं आणायला माणसं साताऱ्याला गेली होती. ऑक्टोबरात ती घेऊन आली तेव्हा दादांचा मुक्काम भीमेवर होता, आणि वस्त्रं त्यांनी स्वीकारली ती आळेगावला.